तीन डबे

लोहार चाळीतून हॅलोजन आणले, घासाघीस करून.
डबे कँटीनचे, गोडेतेलाचे,
कितीही घासले तरी तापले की भजी आठवायची.
तोंडावर जिलेटिन: लाल, हिरवं.
निळं कमी पडलं, तर इरावतीने
वाढदिवसाच्या भेटीवरचा कागद आणून दिला.

"फ्यूज उडाला तर माझ्याकडे यायचं नाही,"
तुपेकाका.

शेवटच्या प्रवेशाला मला सकाळ हवी होती.
साधी. माटुंग्यात येते तशी.
तिन्ही डिमर हळूहळू वर नेले
आणि इरावतीच्या तोंडावर खरंच
पांढरं उजाडलं.

पण मागच्या चादरीवर तिच्या सावल्या सुटल्या:
एक पिवळी, एक मोरपिशी, एक राणी रंगाची.
ती म्हणत होती, "मी एकटीच आलेय, आई,"
आणि मागे त्या तिघी,
हिने हात वर केला की हात वर.
हे तालमीत नव्हतं.
कुणी हसलं नाही.
निळ्या कागदाला जळका वास यायला लागला होता,
माझा अंगठा डिमरवर,
आणि मी अंधार करायचं विसरलो.

निकालात प्रकाशयोजनेचं नावसुद्धा नाही.

रात्री किंग्ज सर्कलला, खांबाखाली,
ती चपलेचा पट्टा लावायला वाकली.
एकच सावली, काळी.
मला ती अपुरी वाटली.