साडेचार

हंगाम आठ सामन्यांचा.
वेळापत्रक सकाळीच आलं विद्यापीठातून,
आवक रजिस्टरला नोंद करून
मधल्या सुट्टीत मी ते गनीभाईच्या टपरीवर नेलं.

बिस्किटांच्या बरणीवर गनीभाईनं खडूनं लिहून ठेवलेलं: साडेचार.
आपलं कॉलेज याच्या वर जिंकेल की खाली,
एवढंच सांगायचं.
चुकेल त्यानं शेवटी सगळ्यांना भजी चारायची.
अर्धा यासाठी, की कुणी कुंपणावर बसू नये.

वट्टमवार सर म्हणाले, खाली.
त्यांच्याजवळ पाच वर्षांची सरासरी आहे,
तीन पूर्णांक दोन.
लायब्ररीच्या जोगदंड बाई म्हणाल्या, वर.
त्यांच्याजवळ काहीच नाही,
गोलकीपर अतीक पुस्तकं वेळेवर परत करतो, एवढंच.

मी लेखा विभागात. हवेत बोलत नाही.
बोटाखाली एकेक नाव धरून खाली सरकत गेलो.

सेलू, जिंकतो.
त्यांच्याकडं अकरा पोरं जमली तर तेच सत्कार ठेवतील.
मानवत, जिंकतो.
जालना, हरतो. ती पोरं कारखान्याच्या दिव्याखाली रात्रीसुद्धा खेळतात,
आपल्याला दिवसा बॉल दिसत नाही.
वसमत जिंकतो, पण परतीची बस डोक्यात ठेवून.
लातूरचं विचारू नका.
अंबाजोगाईचं मैदान एका अंगाला उतरतं,
नाणेफेक जिंकली तर सामना जिंकला,
आणि नाणेफेकीत आपण बरे आहोत.
नांदेड. गेल्या साली सहा गोल खाल्ले,
त्याच्या आदल्या साली सात.
सुधारणा आहे. हरतो.

राहिलं हिंगोली, शेवटचं, आपल्याच मैदानावर.
तोवर पाऊस जाऊन महिना झालेला असेल,
काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा.
कुठली भेग बॉल कुठं वळवते
आपल्या पोरांना पाठ आहे.
पण आपल्याच लिंबाजीचा घोटाही तिथंच गेला होता.
बनी तो बनी, नहीं तो परभनी.
लिहिलं: अर्धा.

चार आणि अर्धा.
गनीभाई म्हणाला, साहेब, हे तर मीच लिहिलंय.
वर का खाली ते बोला.

तेवढ्यात लिंबाजी साळवे आला, डावीकडून पळणारा,
सायकल टपरीला टेकवून
चहा न मागता उभा राहिला.
सर, तुम्ही सगळं लिहिलंय म्हणं.
कोणकोणते हरायलोत आपण?

मी कागद उलटा केला.
गंमत आहे रे, म्हणालो.

तसं नाही सर. नांदेडला अक्का येणारंय.
दिलंय तिला तिकडं. दोन लेकरं घेऊन येणारंय बघायला.
तिनं मला अनवाणीच खेळताना बघितलंय,
बुटात नाही बघितलं कधी.
नांदेड हरायचंच असंल तर
नको येऊ म्हणतो तिला.

वट्टमवार सर चहात बघत राहिले.
सरासरीत अक्का कुठं बसवायची
त्यांनाही माहीत नसावं.

बेरीज मी बदलत नाही.
पण एका शीर्षातली रक्कम दुसऱ्या शीर्षात
वर्ग करता येते, नियम आहे तसा,
फक्त सही लागते.
कागद सरळ केला,
हिंगोलीचा अर्धा खोडून
नांदेडपुढं लिहिला, बाजूला सही केली.

सर म्हणाले, अर्धा विजय म्हणजे काय हो?
शून्य-शून्य?

मी म्हणालो, मध्यंतरापर्यंत.
मग लिंबाजीला म्हणालो,
अक्काला सांग, ये म्हणावं,
पण उशीर करू नको.
पहिल्यापासून बस म्हणावं.

तो सायकलवर टांग टाकून गेला,
चेन उतरलेली होती, दहा पावलांवर कळलं त्याला.

गनीभाई अजून खडू धरून उभा.
साहेब, वर का खाली?