दोन ठिपके

जानेवारी. ओउलूत तीनलाच अंधार.
हाइलुओतोच्या फेरीबोटीवरून वेइक्कोचा फोन:
‘सुटली’ दाबलं, की ॲप मिटतं.
आणि मग, जरा चिडून,
"बटण तर दिसतंय की!"

दिसतंय. तेच तर दुखणं.
बटण राहतं एका फायलीत,
त्याचं काम दुसरीत,
मधे एक तार, नुसत्या नावाच्या भरवशावर.
आणि नाव मी सोमवारी बदललं.
फार काही नाही,
एका अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके दिले,
फिनिश शुद्ध असावी म्हणून.
शाळेत बाईंनी याच ठिपक्यांसाठी
माझी वही दोनदा परत केली होती.

पडद्याची फाइल बिचारी
जुन्याच नावानं हाक मारत राहिली.
ओ द्यायला कोणी नाही.

कोडाच्या समासात बारीकसं वर्तुळ,
आतून रिकामं.
तीन दिवस तिथंच होतं. कॉफी पीत
मी त्याच्यावरून किती वेळा खाली-वर गेले.

कंट्रोल दाबून धरलं, बटणापासून
निळी रेघ ओढली, ओळीवर सोडली.
वर्तुळ भरलं. इतकंच.
नवी आवृत्ती पाठवते, म्हणाले.

"सावकाश," वेइक्को म्हणाला,
"बर्फ फोडत आम्ही केव्हाच निघालोय."
मागून वहीच्या पानाचा फोटो आला,
हातमोज्यातून पेन्सिलनं खरडलेलं:
सुटली, तीन वीस.

ठिपके त्यानंही दिले नव्हते.