मु. पो. थॉर्नबी

सहासष्टच्या नोव्हेंबरात आले तेव्हा
पत्त्याची शेवटची ओळ होती नॉर्थ रायडिंग.
रायडिंग म्हणजे घोडेस्वारी, असं वाटून
मी औशाला तसं कळवूनही टाकलं.
पुढे पालिकेच्या कोठीत लागले,
तेव्हा नॉर्मन गारबटनं सांगितलं, घोडा नाही गं बाई,
रायडिंग म्हणजे तिजाई.
यॉर्कशरच्या तीन वाटण्या. चौथी कधी नव्हतीच.

कोठी म्हणजे शिक्के, शाईच्या गाद्या,
लेटरहेडचे गठ्ठे, उंदरांचा पिंजरा.
मी रुजू झाले त्याच महिन्यात
आमचं गाव तिजाईतून निघून टीजसाइडमध्ये गेलं.
सगळे शिक्के नवे.
सहा वर्षं. सरकारी शाई वाळायलाही
तेवढी लागतात.
मग चौऱ्याहत्तरच्या एक एप्रिलला क्लीव्हलँड.
तारीख वाचून नॉर्मन म्हणाला,
निदान दिवस तरी प्रामाणिकपणे निवडलाय.

तो पाट्या उपटायचा, पाट्या रोवायचा.
खड्डे तेच वापरायचा. नवे खणायला
पाठ कुणाच्या बापाची, म्हणायचा.
बिलिंगहॅमच्या कारखान्याचा वास नदी ओलांडून
रोजच्या वेळेला यायचा, परवाना न काढता.
शेजारची एडना थर्लवेल मात्र
मरेपर्यंत पाकिटावर यॉर्क्स लिहीत राहिली,
खाली दोन रेघा मारून,
दुसरी रेघ कागद फाटेल इतकी दाबून.

मला त्यात नवल वाटत नव्हतं.
मी निजामाच्या मुलखात जन्मले,
हैदराबाद राज्यात पाढे शिकले,
मुंबई राज्यात माझं लग्न लागलं,
आणि महाराष्ट्रातून विमानात बसले.
घर तेच, औशापासून सहा कोसांवर,
दारात तीच बाभूळ.
ब्याऐंशीत भावाचं पत्र आलं:
आपण आता जिल्हा लातूर.
आम्ही कुठे गेलेलो नाही, काळजी नसावी.

शहाण्णव. पुन्हा एक एप्रिल.
क्लीव्हलँड रद्द.
वरून चिठ्ठी आली, शिक्के नष्ट करून यादी सादर करावी.
दोनशे अकरा.
ब्लेडनं रबर सोलताना
लाकडी मुठी तेवढ्या उरत गेल्या,
हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या.
यादीत मी दोनशे अकरा लिहिले.
सोलले दोनशे दहा.

नॉर्मननं यार्मच्या रस्त्यावरची पाटी नेली घरी,
कबुतरखान्याला छप्पर म्हणून ठोकली,
अक्षरं आभाळाकडे.
मी विचारलं, उलटी का नाही लावली?
म्हणाला, ती फ्रान्सहून येतात,
त्यांना खाली बघून कळायला नको?

तो गेला त्या हिवाळ्यात
त्याच्या लेकीनं, ग्लेनिसनं, मला विम्याचा अर्ज भरायला बोलावलं.
संगणकावर परगण्यांची यादी उघडली.
वडिलांचा जन्म जिथला, ते नाव यादीत नव्हतं.
नोकरी जिथली, तेही नव्हतं.
ती वर-खाली करत राहिली, मग 'इतर' निवडलं
आणि पुढच्या पानावर जाण्याआधी
उगाच परसात पाहून आली.
कबुतरं विकून झाली होती.
पाटीवर शेवाळ चढलं होतं, आर आणि ए यांच्यामध्ये...
नाही, क्लीव्हलँडमध्ये आर नाही.
मला अजून यॉर्कशरच दिसतं.

भाऊ आता थकला. पत्रं पुतण्या लिहितो,
पत्ता बापाच्या जुन्या डायरीतून उतरवतो,
शेवटच्या ओळीत अजून नॉर्थ रायडिंग.
पोस्टमन काही न बोलता दारातून आत सरकवतो.
मी चहा ठेवते, चष्मा शोधते,
कपाटातला दोनशे अकरावा शिक्का काढून
गादीवर दोनदा दाबते:
मिळाले. क्लीव्हलँड.
तारखेची चाकं नव्याण्णवपाशी संपतात.
वर्ष मी हातानं लिहिते.