खिडकीचं माप

शिहाबुद्दीन माप घ्यायला आला तेव्हा तू झोपला होतास.
चपला त्याने जिन्यातच काढल्या,
टेप इतक्या हळू ओढला की कर्रकन् झालं नाही.
आत रात्रपाळीचा माणूस आहे
हे सोहारमध्ये कुणाला सांगावं लागत नाही,
खिडकीवरचा चंदेरी कागद रस्त्यावरूनच सांगतो.

तो मीच लावला होता, दोन वर्षांपूर्वी,
तुझ्या डब्याच्या पोळ्यांचा अख्खा रोल संपवून.
रात्रभर भट्टीवर तू जे वितळवतोस
तेच काचेला चिकटवून तुला झोपवायचं,
याचं तेव्हा हसू आलं होतं.
आता कोपरे सुटलेत.
सात वाजता सुईएवढं ऊन तुझ्या पापणीवर,
नऊला गळ्याशी, अकराला मनगटावर,
आणि तू झोपेतच त्याला जागा देत
भिंतीकडे सरकतोस.

एकशे बेचाळीस बाय एकशे दहा.
हातावर लिहून घेतलं त्याने, मग कुजबुजत:
बाहेरून लावल्या तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही,
एसीचं बिल उतरेल, पण मालकाला विचारा.
लाकडी नको, समुद्र जवळ आहे,
जूनमध्ये फुगतात, मग झडप मिटत नाही.
प्लॅस्टिकच्या पिवळ्या पडतात.
आणि धूळ तर प्रत्येक पट्टीवर, वेगवेगळी.
"मॅडम, विकतो मी.
आमच्या खोलीत सहा जण. खिडकीला चादर."

मालकाला फोन केला.
अबू हैथम म्हणाले, लावा की, खुशाल लावा,
फक्त जाताना काढायच्या नाहीत.
भिंतीत गेलं ते भिंतीचं.

हे सगळं एकवेळ ठीक.
पण माप घेताना त्याने कागदाचा एक कोपरा सोलला
आणि मला दिसलं
की समोरचं घाफचं झाड दुसऱ्या मजल्यापर्यंत आलंय.
कधी आलं?
पलीकडच्या गच्चीवर एक म्हातारी
सुपात लिंबं वाळत घालत होती,
काळी पडू लागलेली, गोट्यांएवढी,
एकेक उचलून, कानाशी हलवून, परत ठेवत होती.
तू कूस बदललीस.
मी कोपरा दाबून धरला.

तीनला उठलास. नमुन्याची पट्टी तुझ्यासमोर धरली,
दांडी फिरवली: अंधार, उजेड, अंधार.
चांगली आहे, म्हणालास. किती?
नव्वद रियाल.
चहात बिस्किट बुडवून बराच वेळ धरलंस, ते पडलं.
"आपण इथे किती वर्षं आहोत गं?"
करार मार्चमध्ये संपतो. मागच्या मार्चमध्येही संपणार होता.
मी म्हटलं, पट्ट्यांबद्दल बोल.

मग हिशेब मांडला, पेन्सिलीने, किराणाच्या यादीमागे.
तू घरात असतोस तेव्हा झडपा बंदच हव्यात.
तू नसतोस तेव्हा मी उघडीन, हवं तेवढं बघीन.
पण तू नसतोस तेव्हा बाहेर रात्र असते.
शुक्रवार सोडला तर उरतो
उजाडल्यापासून तुझी बस येईपर्यंतचा वेळ.
पाऊण तास. हिवाळ्यात त्याहून कमी.
नव्वद रियालला पाऊण तास,
आणि रोज बावीस पट्ट्या पुसायच्या.

तू गेल्यावर रात्री
नमुना उशाशी घेऊन बसले होते.
रस्त्यावरचा दिवा त्याच्यातून पाडून पाहिला:
तुझ्या बाजूच्या चादरीवर चार रेघा,
वहीच्या पानासारख्या, कोऱ्या.

पहाटे कागद अर्धा उतरवला.
म्हातारी आली. सूप आणलं.
एक लिंबू कानाशी धरून थांबली,
इतका वेळ, की मीही कान दिला.
मग कोपऱ्यावरून बस वळली.

नवी चिकटपट्टी आणली होती, रुंद.
तीन बाजू पक्क्या केल्या.
चौथी नुसती दुमडून ठेवलीय, खालची,
तिथून ऊन आलं तर पायांवर येईल.
शिहाबुद्दीनला सांगितलंय, मार्चनंतर कळवते.
माप जपून ठेव म्हटलं.