खेकडा की कुत्रा

छंगजूच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत,
भिंतींना करडा फोम, दाराला रबराची कड.
सोदाम म्हणते, "आजोबा, ऐकायचं आणि बटण दाबायचं.
डावं खेकडा, उजवं कुत्रा.
विचार करायचा नाही."
"विचार कशाला? खेकडा तो खेकडा."

बॅ प्योंग-गू, वय एक्क्याऐंशी.
एकतीस वर्षं सरकारसाठी बाजारातले तराजू तपासले.
पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा
बोटाच्या पेराने ओळखला.
हेडफोन मात्र उलटा घातला.

त्यांच्या भाषेत खेकडा म्हणजे के,
कुत्रा म्हणजे कॅ.
जबडा जरासा अधिक उघडला
की नांग्या जातात, शेपूट येतं.
तुम्ही हे मराठीत वाचताय, तुम्हाला सोपं आहे:
बॅट वेगळी, बेट वेगळं,
बॅटला कोणी होडीने जात नाही.

सोदामने दोघांच्या मध्ये अकरा पायऱ्यांचा जिना बांधलाय,
संगणकावर कोरून, प्रत्येक पायरी सारख्या उंचीची.
मग पायऱ्या पत्त्यांसारख्या पिसून एकेक वाजवते.
सहावीपर्यंत आजोबांचं बोट डावीकडे,
सातवीपासून उजवीकडे.
त्यांच्या कानात जिना नाहीच.
दोन खोल्या आहेत आणि मध्ये उंबरा.
"अकरा कसले? दोनच तर आवाज,
तेच ते पुन्हा पुन्हा लावतेस."

आणि सोदाम?
तिला एकच ऐकू येतो.
जिना बांधणारीला जिना फक्त पडद्यावर दिसतो,
दोन काळसर पट्टे, खालचा हळूहळू वर सरकणारा.
आईच्या तोंडी तो भेद नव्हता, मैत्रिणींच्या नव्हता.
शुद्धलेखनात चुकू नये म्हणून शाळेत
अक्षराचे अवयव मोजून पाठ करायचे:
हा आ-ईचा, तो ओ-ईचा.

हसू नका.
डोळे मिटा, शेजारच्याला म्हणायला सांगा: दिन. दीन.
दिवस कुठला, गरीब कुठला?
आपणही पहिली, दुसरी म्हणतो
आणि पुढची ओळ लिहितो.

माझं आणि तुझं
यांच्यातही तेवढंच अंतर होतं तिथे. नॅ, ने.
ते बुजलं तेव्हा पोरांनी तुझ्यासाठी
दुसराच स्वर उचलून आणला: नी.
नाहीतर भांडायचं कसं?

आजोबा सांगतात, भावाशी वाटणी झाली त्या रात्री
दिव्यात तेल नव्हतं.
भाऊ अंधारात म्हणाला,
वरचा तुकडा ने, विहिरीकडचा नॅ.
कोणी पुन्हा विचारलं नाही. एका स्वरावर विहीर गेली.
"तेव्हा तुझे कान असते मला,
तर पाणी आपलंच समजून
सकाळी बादली घेऊन गेलो असतो."

प्रयोग संपला. रेकॉर्डिंग बंद.
सोदाम उगाच म्हणून बघते: कॅ.
"खेकडा."
पुन्हा.
"खेकडा."
जांभई दिल्यासारखं तोंड करते, स्वतःलाच हसू फुटतं,
आणि त्या हसण्याच्या अर्ध्यात काहीतरी निसटतं.
"हां! कुत्रा. भुंकला बघ."
कुठला? ती विचारते. आत्ताचा की आधीचा?
आवाज तिच्या घशातून गेला होता,
पोचला होता फक्त त्यांना.
पुन्हा काढायला गेली तर खेकडाच.

मानधनाचं पाकीट, सहीचा कागद.
त्यांचं आडनाव नीट म्हटलं की नाशपातीसारखं वाजतं, बॅ.
तोंड आवळून म्हटलं
तर तागाचं कापड, प्रेताला नेसवतात ते.
दाराशी ते बुटाची नाडी बांधत असतात,
मागून ती हाक मारते,
"बे आजोबा, छत्री राहिली!"

पहिल्या हाकेला वळतात ते.
हल्ली दवाखान्यात, बँकेत, सूनबाई, नातू,
सगळे याच नावाने बोलावतात.
छत्री घेतात. खाली धरून एकदा झटकतात,
कोरडीच असते.