सूचनाफलक

दवानं फळा ओला, खडू सरकत नाही.
'शनिवारी'चा श दोनदा तुटला.
खंडारे बाई म्हणाल्या, राहू द्या ना, समजते.

शनिवारी विज्ञान प्रदर्शन, दारव्हा. डबा आणणे.
सोमवारपासून गॅदरिंगची तालीम.
सराव परीक्षेची तारीख मागाहून.

मग अभिनंदन.
हा शब्द मी मागच्या हिवाळ्यापासून पुसलाच नाही,
खालची नावं तेवढी बदलतो.

रोषणी उईके, पंधराशे मीटर, जिल्ह्यात दुसरी.

आदला आठवडाभर ती शाळेत नव्हती,
वेचणीला गेली होती आईसंगं.
बूट शाळेनं दिले होते. विचारलं, कसे होते?
"लय मोठे जी भाऊ. पयल्याच चकरात काहाडून फेकले."
हे कुठं लिहू? फळा भरला.

नवाला ऊन येते.
पोरं पाठ शेकत उभी राहतात,
वाचत कोणी नाही,
जो तो आपलं नाव शोधतो.

ती आली सगळ्यात शेवटी.
थुंकीनं बोट ओलं करून 'ण' पुसला,
माझ्या हातचा खडू घेऊन 'न' केला.
"माहं नाव असं हाय."

बोंडांनी चिरलेल्या बोटांत
खडू भरला. झोंबला असेल.
घंटा द्यायची राहूनच गेली माझी.