सातशेवीस

लिउवार्डेन, नोव्हेंबर.
गेलेल्या दाउवेच्या अमिगावरची डिस्क
सीत्स्केच्या एमएसएक्सला पचत नाही.
खरवडतं, थांबतं, ओकून टाकतं.

मग तिने कोरी डिस्क
आपल्याच यंत्रात सातशेवीसची करून घेतली
(ही बोली दोघांनाही मोडकीतोडकी येते)
आणि सायकलवरून भावाच्या पोटमाळ्यावर नेली.
खालून वहिनी, बटाटे सोलत:
"आलं का काही?"
खर्र. थांब. खर्र.
अकरा पत्रं.

घरी उघडली. सगळं शाबूत,
फक्त टोपीवाला यू कुठेच नाही.
फ्रिशियनमध्ये 'घर' लिहायला तो लागतो.
दाउवेने तेवीसदा घर लिहिलंय,
तेवीसदा तिथे
वर्गमूळाची खूण.

ती दुरुस्त करायला बसली.
चौथ्या घरापाशी
हात काढून घेतला.